ते नुसतं ‘बस’ म्हणतात

तीर्थपुरी, ता. घनसावंगी
१९ जानेवारी २०२५

शरयूबाई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला घेते. फोन का उचलत नाहीस म्हणून तुम्ही मेसेजमध्ये रागावलात. बाई, हे घर तुम्हाला माहीत आहे. आपली भिंत एकच होती. माझ्याकडं भांडं पडलं की तुम्हाला ऐकू जायचं. आता ह्यांची बाज पुढच्या खोलीत आहे. मी फोनवर त्यांच्याबद्दल बोलायला लागले की ते सगळं ऐकतात, त्यांना सगळं समजतं, आणि मग तोंड भिंतीकडं करतात. अंगणात जावं तर गल्ली कान देऊन असते. म्हणून पत्र. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच मला दहावीला बसवलं, तेव्हा चुका तांबड्या शाईनं काढू नका.

दिवाळी झाली आणि बाजारात मोसंबीची बोली पुकारता पुकारता ह्यांचा शब्द अडकला. लोकांना वाटलं, ठसका लागला. मग तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला, पाय गेला. लकवा. जालन्याच्या दवाखान्यात जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, आता जे सुधारायचं ते घरी. शीतल नावाची पोरगी आठवड्याला येते, फिजिओथेरपी शिकलेली. खुर्चीतून उठायचं कसं, तोल धरायचा कसा, डाव्या हातानं घास घ्यायचा कसा, सगळं तिनं दाखवलं. बाकीचे दिवस मी करून घेते.

पण बाई, ज्यांची बोली बाजारातून थेट सडकेपर्यंत ऐकू जायची, त्यांच्या तोंडात आता एकच शब्द राहिला आहे. “बस.”

चहा पुढं केला, बस. काखेत हात घालून उठवलं, बस. अंघोळ घालताना बस, जेवताना बस. शीतल म्हणते, ह्या दुखण्यात कधीकधी एकच शब्द शिल्लक राहतो, आणि माणसाला म्हणायचं एक असतं, निघतो तोच. आत्याबाई मात्र दारात बसून म्हणतात, “लेकरू बस म्हनून राह्यलंय. मंग बस कर की! किती वढतीस त्याला?”

सासूचं बोलणं मी कधी मनावर घेत नाही, पण हे लागलं. खरंच त्यांना पुरे झालं असेल का? व्यायामच नव्हे, सगळंच? तसं असेल तर मी रोज त्यांचा छळ करते आहे. थांबवू का? हो की नाही, एवढंच लिहा.

मी लिहायला बसले तसे ते अगदी गप आहेत. रागावले असतील.

दैवशाला

ता. क. कोनाड्यातला तांब्या बाजेखाली सापडला. मांजराचा वावर फार वाढला आहे.


पुणे
३० जानेवारी

दैवशाला,

हो की नाही एवढंच लिहा, म्हणतेस. मला कधी एका शब्दात आटपलं आहे का? तीर्थपुरीच्या चौकात माईक बंद पडला तरी मी थांबले नव्हते. तर ऐक. नाही. व्यायाम थांबवायचा नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी ह्या दुखण्यावर मिळेल ते वाचते आहे. मेंदूचा एक भाग मेला तरी उरलेला भाग नवी वाट पाडू शकतो. पण ती वाट ज्याची त्यानं तुडवावी लागते. दुसऱ्यानं उचलून नेलेला माणूस कितीही लांब गेला तरी त्याच्या पायाखाली वाट पडत नाही. आणि हात परत येण्याआधी यावा लागतो तो स्वतःवरचा भरवसा. तो कुठल्या दवाखान्यात मिळत नाही. घरात, आपल्या हातानं सदऱ्याचं पहिलं बटण लागलं की मिळतो. चुकीच्या काजात लागलं तरी मिळतो.

आता तू काय करतेस ते बघू. भरवतेस. पुसतेस. काखेत हात घालून उठवतेस. ज्या माणसाच्या आवाजावर बाजार चढायचा-उतरायचा, त्याचं तू तान्हं बाळ केलंस! तुझा दोष नाही. ह्या समाजानं बाईला एकच मोठेपणा देऊ केला, सेवेचा, आणि त्या मोठेपणाखाली दोघंही चिरडतात: करणारीही आणि करून घेणाराही. मी हे शंभर सभांत बोलले आहे आणि तुला पुन्हा सांगते.

‘बस’ म्हणजे पुरे, हे कबूल. पण जगणं पुरे, असं कुठं म्हणाले ते? तुझी सेवा पुरे, असं म्हणताहेत. मला जरासुद्धा शंका नाही. तेव्हा हात काढ. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहा, पदर तोंडात कोंब, पण पुढं येऊ नकोस. सांडू दे. अडखळू दे.

आणि एक: त्यांना बसनं कुठं जायचं तर नाही? कितीतरी महिने घर सोडलं नसेल. तेही करून बघ.

तुझ्या सासूबाईंना, केशरबाईंना, माझा नमस्कार सांग. त्यांना तो आवडणार नाही, तरी सांग.

तुझी
शरयू


तीर्थपुरी
१६ फेब्रुवारी

शरयूबाई,

आधी बसचं सांगते. बाई, तुम्ही पुण्याला जाऊन पुऱ्या बदललात. आमच्याकडं बसला बस कोण म्हणतं? येष्टी म्हणतात, नाहीतर गाडी. तरी तुमचा शब्द म्हणून ह्यांच्या बाजारातल्या सोबत्याच्या, कडूबाच्या, रिक्षात घालून त्यांना स्टँडवर नेलं. गाडी लागली होती वाटूरची. गाडीकडं त्यांनी पाहिलं पण नाही. लोकच गोळा झाले. “मच्छिंदरराव, वळखलं का मला? सांगा बरं, मी कोन?” लहान पोराला विचारावं तसं. एक जण तर मलाच म्हणाला, “वहिनी, ह्यांला समजतं का काही?” ह्यांनी डाव्या हातानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला. घरी येईपर्यंत काढला नाही.

आता दुसरं. तुम्ही सांगितलं तसं मी हात काढला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ते खुर्चीत, मी दारात. ते माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं. “बस,” म्हणाले. मी हलले नाही. “बस! बस!” कपाळावरची शीर फुगली. मग उठायला गेले, माझ्यावरची नजर काढेनात, पाय मुडपला आणि बाजेच्या कडेनं घसरत खाली आले. मी धावले. हाड वाचलं, कोपर सोललं. पण त्या दिवसापासून व्यायाम बंद. शीतल आली तरी पाय उचलत नाहीत.

आत्याबाई म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते: “भाषन करायचं त्या पुन्याच्या बाईनं आन् पडायचं माझ्या लेकरानं!”

 हात धरला तरी बस, सोडला तरी बस. जवळ गेले तरी बस, लांब राहिले तरी बस. आमचा कल्याण छत्रपती संभाजीनगरहून फोनवर म्हणतो, “आई, त्यो नुसता आवाज समज, अर्थ लावू नको.” पण बाई, तो नुसता आवाज असता तर त्यांच्या डोळ्यांत पाणी का आलं असतं?

माझं डोकं चालत नाही. तुमच्यावर राग आला आहे आणि तुमच्याशिवाय कुणाला लिहावं ते सुचत नाही. आता लिहून राह्यले तर ते गप आहेत. माझी पाठ त्यांच्याकडं आहे. बघवत नाही म्हणून.

मागचं पत्र लिहून उठले तेव्हा खुर्ची वाकडी झाली होती. मांजर काही खुर्ची ओढत नाही. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “मला झपकी लागल्ती, मी न्हाई बघितलं.”

दैवशाला


पुणे
२६ फेब्रुवारी

दैवशाला,

दोन पत्रं लिहिली आणि फाडली. दोन्ही भाषणं झाली होती.

तू मला एका माणसाबद्दल विचारलंस आणि मी उत्तर दिलं ते सभेला. स्वतः करण्यानं माणूस उभा राहतो, ह्यावरचा माझा विश्वास तसूभर हललेला नाही. पण स्वतः करू देणं आणि एकटं सोडणं ह्यांत फरक आहे, आणि तो मला पुण्यात बसून दिसला नाही. इथल्या एका डॉक्टर मैत्रिणीनं मला चांगलं झापलं. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, धरायला काहीतरी हवं, आणि शीतलला विचारल्याशिवाय नवीन काही करायचं नाही. हे माझं मत नाही, तिचा हुकूम आहे.

आता माझं मत मागू नकोस. मला दाखव. ते ‘बस’ म्हणतात तेव्हा तू कुठं असतेस? हातात काय असतं? खोलीत आणखी कोण असतं? आणि ते कधी ‘बस’ म्हणत नाहीत? जसं दिसेल तसं लिही, अर्थ लावू नकोस. अर्थ लावण्यात आपण दोघी फार हुशार आहोत, आणि त्यातच घोटाळा झाला आहे.

कोपर कसं आहे त्यांचं?

शरयू


तीर्थपुरी
९ मार्च

शरयूबाई,

कोपर भरलं. मन भरलं नाही. तुम्ही सांगितलं तसं पाळत ठेवली. लिहिते.

सकाळी मी बशीत चहा ओतून त्यांच्या पुढ्यात धरते. बस. ताट वाढून बाजेशी उभी राहते, संपलं की भाकरी मोडून टाकते. बस. आता पुन्हा थोडा व्यायाम करतात, त्याला मागं उभी राहून सदऱ्याची कड धरते. बस. काही काम नसलं तर खांबाला टेकून नुसती त्यांच्याकडं बघत असते, कधी काय लागेल म्हणून. तेव्हाही बस.

कधी म्हणत नाहीत? आत्याबाई पायापाशी बसून तेल चोळतात, तेव्हा नाही. शीतल स्टुलावर बसून बोटं मोकळी करते, तेव्हा नाही. कडूबा येऊन पायरीवर बसतो आणि बाजारात कुणी कुणाला कसं फसवलं त्या गोष्टी सांगतो, तेव्हा तर हसतात. मला वाटलं, सगळ्यांचं चालतं, फक्त मी नको आहे. परवा ह्यावर रडले. तीस वर्षं केलं आणि शेवटी त्यांना मीच नको झाले.

काल शीतल आल्ती. मी दाराशी उभी होते. ती म्हणाली, “काकू, तुम्ही बसा की जरा.” आणि हे एकदम जोरात म्हणाले, “बस!” आम्ही दोघी हसलो. शीतल म्हणाली, “काकांनी माझाच शब्द उचलला!” तेही हसले, पण हसता हसता मान हलवत होते, नाही-नाही अशी. मग पुन्हा, माझ्याकडं बघून, “बस.” मी म्हणाले, “बरं बरं, बस करते,” आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

थांबा बाई.

हे आता लिहिताना मला काहीतरी झालं. पेन खाली ठेवला होता, पुन्हा घेतला.

शीतल मला “बसा” म्हणाली. “बस करा” नाही म्हणाली.

मी आत्ता खाली बसून लिहून राह्यले. ते गप आहेत. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा गप होते. त्याच्या मागच्या वेळी गप होते. दिवसभरात मी बसते कधी? तुम्हाला पत्र लिहायला, तेवढीच. जेवते ती स्वयंपाकघरात, ओट्याशी, उभ्यानं, कान इकडं ठेवून.

बाई, ह्या घरात मला ‘बस’ असं कुणी म्हणालंच नाही. नवऱ्यापुढं खुर्चीत बसायचं नाही, सासऱ्यांपुढं तर मुळीच नाही. “ऊठ” म्हणाले, “आण” म्हणाले, “वाढ” म्हणाले. माझ्या बाजूनं बस म्हणजे पुरे, एवढंच ठाऊक. ताटात पडत असताना पुरुषांनी हात आडवा धरून म्हणायचा शब्द. दुसरा अर्थ माझ्यासाठी असू शकतो, हे डोक्यातच आलं नाही. एकदाच कुणीतरी म्हणालं होतं, तुम्ही. दहावीला बस, म्हणून.

पण खरंच तसं असेल का? का मी दमले आहे म्हणून मला तसं ऐकू येऊन राह्यलं? तीस वर्षांत जे म्हणाले नाहीत, ते एकच शब्द उरल्यावर म्हणतील? मला काही कळत नाही. विचारलं तर ते काय म्हणणार? बसच म्हणणार. माझा घोटाळा तिथंच आहे.

मी बसून बघू का?

दैवशाला


पुणे
२० मार्च

दैवशाला,

तुझं पत्र वाचलं आणि मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आमचा अद्वैत विचारत होता, आई, काय झालं? मी म्हणाले, मला एक शब्द आत्ता समजला.

चाळीस वर्षं मी गावोगाव बायकांपुढं उभी राहून ओरडले, उठा! टेंभुर्णीत, वाटूरला, तीर्थपुरीच्या चौकात. उठा, घराबाहेर या, उठा, प्रश्न विचारा. ते खोटं नव्हतं. आजही तेच म्हणेन. पण ज्या बायकांना मी उठा म्हणत होते त्या पहाटेपासून उभ्याच होत्या! माझ्या सभेलासुद्धा मागं, भिंतीशी, उभ्या. त्यांना बसायला सतरंजी आहे का, हे मी कधी विचारलं नाही. तुला एकदा ‘बस’ म्हणाले होते, हे तू लिहिलंस म्हणून आठवलं.

ते खरंच तेच म्हणताहेत का, मला माहीत नाही. त्यांच्या डोक्यात शिरून सांगणारी मी कोण? कदाचित तू दमलीस हे त्यांना दिसतं. कदाचित तू वर उभी असलीस की त्यांना आपण खाली पडलेले वाटतो. पडणारच, असं धरून चाललेल्या डोळ्यांसमोर कुणाचा पाय स्थिर राहील? कदाचित दोन्ही. कदाचित तिसरंच.

शीतलला सगळं सांग. ती म्हणेल तशी खोली लाव. आणि मग बस. हातात कागद घे, पाठ थोडी वळव, आणि मला लिही. काय वाटेल ते लिही, मजकूर नसला तरी चालेल. नुसतं ‘अ आ इ ई’ लिहिलंस तरी मी वाचीन.

शरयू


तीर्थपुरी
६ एप्रिल

शरयूबाई,

आज रामनवमी. दुपार आहे. आत्याबाई दारात आहेत. मी खिडकीपाशी जमिनीवर बसले आहे, मांडीवर पाट घेऊन.

शीतलला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग ओशाळली. म्हणाली, “काकू, मी पण काकांसमोर तुम्हालाच विचारत व्हते, काका जेवले का म्हनून.” मग तिनं खोली लावली. बाजेपासून खिडकीपर्यंत भिंतीकडची वाट मोकळी केली. प्लास्टिकची खुर्ची त्यांना पुढं ढकलत चालायला दिली, पण रिकामी खुर्ची उलटते, म्हणून तिच्यात ज्वारीची थैली ठेवली. वजन पाहिजे म्हणाली, वजनानं खुर्ची जागेवर राहते. तिच्यासमोर त्यांनी केलं. बरं केलं. आणि ती मला म्हणाली, “काकू, मला वाटतं हे पहिल्यांदा न्हाई करत. तुमची पाठ वळली की काहीतरी चालू असंल ह्यांचं.” तांब्या, वाकडी खुर्ची, सगळं आठवलं. मांजराला मी उगीच हाणलं.

आता लिहायला काही नाही. तरी लिहिते. आज हवा गरम आहे. मोसंबीला पाणी द्यायला कडूबा गेला आहे. गॅसवर दूध ठेवलं आहे.

बाज वाजली.

मी बघत नाही. लिहून राह्यले. खुर्चीचा पाय फरशीवर घासला. थांबला. पुन्हा घासला. मान वळू पाहते, पण वळवत नाही. अक्षर बिघडलं तर समजून घ्या. अ आ इ ई. तुम्हीच म्हणालात चालेल. दम लागल्याचा आवाज येऊन राह्यला. भिंतीला खांदा घासतो आहे. थांबले. आत्याबाई तोंडावर हात ठेवून बसल्यात, मला दिसतंय.

पुन्हा घासलं. जवळ.

खुर्ची माझ्या गुडघ्याशी आली. त्यांचा पाय दिसतो आहे, उजव्या पायाची बोटं आत वळलेली. चप्पल नाही.

धप्प. ज्वारीची थैली खाली. त्यांनीच लोटली, डाव्या हातानं, भिंतीला टेकून.

“बस,” म्हणाले.

मी पाट घेऊन उठले आणि त्यांना धरायला गेले. सवय. “बस!” मी खुर्चीत बसले, बाई. आत्याबाई म्हणाल्या, “आगं, नवऱ्याफुडं खुर्चीत बसती व्हय? ऊठ!” तर हे तिकडं मान वळवून म्हणाले, “बस!” आत्याबाई गप. मला म्हणाले ते कोणतं बस, आणि त्यांना म्हणाले ते कोणतं, दोन्ही मला बराबर कळलं.

आता हे खुर्चीत बसूनच लिहिते. ते माझ्या मागं उभे आहेत. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, बोटं माझ्या खांद्याला लागताहेत. श्वास फुललाय, पण पाय धरून आहेत. थैली खाली पडली आहे, तेव्हा खुर्ची जागेवर आहे ती माझ्या वजनानं. मी हलले तर ती हलंल.

दूध उतू चाललंय, बाई. करपल्याचा वास येऊन राह्यला. आत्याबाई हाका मारताहेत.

मी उठत न्हाई.

दैवशाला